काकांचे कान

आमच्या घरांत एके काळीं एक अन्याय राजरोसपणें चालत असे, आणि त्यांत मीही सामील होतों. आमचे थोरले काका ‘ऐकून न ऐकल्यासारखें करतात’ असें घरांतील सर्व बायकांचें ठाम मत होतें. काकूंनीं स्वयंपाकघरांतून चार वेळां हांक मारली तरी त्यांची मान वर्तमानपत्रांतून वर येत नसे. पण दारांत कोणी घोगऱ्या आवाजांत ‘आहेत का नाना?’ म्हणून विचारलें, कीं लगेच ‘या, या!’ नातवंडांच्या गोष्टींना ते भलत्याच ठिकाणीं हंसत. ‘माझेंच तेवढें यांना ऐकूं येत नाहीं,’ असें काकू उद्वेगानें म्हणत. त्यांचें हें वाक्य अक्षरशः खरें होतें, हें मला फार उशिरां कळलें.

काका मुंबईच्या एका गिरणींत, विणकाम-खात्यांत, चोवीस वर्षें होते. १९८२ च्या जानेवारींत गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला आणि काकांची नोकरी त्यांतच संपली. मग ते डहाणूस आमच्या वडिलार्जित चिकूच्या वाडींत येऊन राहिले. शेंकडों मागांच्या खडखडाटांत शेजारच्याचें बोलणें ऐकूं येणें शक्यच नसे. म्हणून तेथील माणसें एकमेकांच्या ओठांवरून शब्द ओळखीत. ती विद्या काकांनीं पेन्शनीसारखी घरीं आणली होती. समोर बसून बोललें तर त्यांना सारें समजे. बोलणाऱ्यानें पाठ फिरविली कीं कांहीं नाहीं. आम्ही त्यास तऱ्हेवाईकपणा समजत होतों.

खरी गोष्ट अशी, कीं आपल्या कानाच्या आंतल्या भागांत केंसासारखी लव असलेल्या अत्यंत नाजूक पेशी असतात. वर्षानुवर्षें मोठा आवाज कानीं पडला म्हणजे त्या मरतात, आणि मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. त्यांत प्रथम जातात त्या बारीक, उंच स्वर ऐकणाऱ्या पेशी. म्हणून पुरुषांचा भरड आवाज शाबूत राहतो आणि बायका-मुलांचा नाहींसा होतो. ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखीं अक्षरें गळून पडतात आणि वाक्याचा नुसता सांगाडा हातीं येतो. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांत १९८७ सालीं सुधारणा झाली, तेव्हां मालकानें सरकारास कळविलेच पाहिजेत अशा रोगांच्या यादींत गोंगाटानें येणारें बहिरेपणही होतें. काका त्याच्या आधीं पांच वर्षें घरीं येऊन बसले होते.

काकांना जाऊन आतां बराच काळ लोटला. गेल्या वर्षीं त्यांची आठवण झाली ती एका भांडणामुळें. आमच्या वाडीपलीकडे पत्र्याचे सुटे भाग कापण्याचा एक लहानसा कारखाना निघाला. दिवसाचें काम रात्रींही चालूं लागलें, आणि माझ्या ऐशीं वर्षांच्या आईची झोंप उडाली. मधें चिकूचीं झाडें आहेत, तीं आवाज अडवतील, असा माझा समज होता. पण झाडांची रांग दृष्टि अडवते, आवाज फारसा अडवीत नाहीं. शिवाय रात्रीं जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड होते, आणि वर जाणारा आवाज वांकून पुन्हां खालीं येतो. दिवसां जो ठोका कुंपणापाशीं विरतो, तो रात्रीं थेट उशापाशीं पोंचतो.

दाद मागणें हें आमच्या तालुक्यास नवें नाहीं. २० जून १९९१ रोजीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं तालुक्यासाठीं एक खास प्राधिकरण स्थापन झालें, आणि औष्णिक वीजकेंद्राच्या धुरांतील गंधक काढून टाकण्याचा आग्रह त्यानें धरला. पण धुराची राख पानावर बोट फिरवून दाखवितां येते. आवाज सकाळीं मागें कांहीं ठेवीत नाहीं. रात्रभर जागलेल्या म्हातारीचा शब्द, एवढाच काय तो पुरावा! १९८७ च्या दुरुस्तीपासून कायदा आवाजालाही हवेचें प्रदूषण मानतो खरा. पण मोजमापावांचून कायदा तरी काय करणार? २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरांत, डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांत, भूकंपाचे धक्के बसूं लागले. जमिनींतून गडगडाट ऐकूं येतो, असें लोक सांगत. तेथें भूकंपमापक यंत्रें बसलीं आणि लोकांच्या भीतीला तारीख, वेळ व आंकडा मिळाला. आपणही तसेंच करावें, असें मीं ठरविलें.

भाच्यानें मोबाईल काढून अंगणांत धरला. त्याच्या फोननें ५४ डेसिबल सांगितलें, माझ्या फोननें त्याच वेळीं ६३. ‘मामा, सरासरी काढूं या,’ असें त्यानें सुचविलें! शेवटीं अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकविणारे एक स्नेही खरें ध्वनिमापक यंत्र घेऊन आले. मोजण्याच्या आधीं आणि नंतर ते एक छोटी डबी यंत्राच्या तोंडावर बसवीत. तिच्यांतून नेमका ९४ डेसिबलचा सूर निघतो, आणि यंत्रानें तेवढाच आंकडा दाखविला तरच तें खरें बोलतें असें समजावयाचें. भिंतीपासून दूर, माणसाच्या छातीच्या उंचीवर यंत्र उभें केलें आणि तीन रात्रीं वेळेसह नोंदी घेतल्या. आंकडा आला ५२.

२००० सालच्या नियमांनीं वस्तीसाठीं दिवसां ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ ही मर्यादा घातली आहे. सातच अंक जास्त! पण हें माप साधें नाहीं. तीन अंक वाढले म्हणजे आवाजाची शक्ति दुप्पट होते, दहा वाढले म्हणजे दसपट. सात म्हणजे पांचपट. तथापि नियमाप्रमाणें रीतसर तक्रारीसाठीं मर्यादेहून दहा अंक तरी जास्त लागतात. आमची तक्रार कायद्याच्या उंबरठ्यावरच अडली. निरुपाय होऊन मी यंत्रासह कारखानदारांकडे गेलों. गृहस्थ सज्जन निघाले. ‘आंत येऊन मोजा कीं,’ म्हणाले.

आंत यंत्रानें ९८ दाखविलें. आठ तासांस ९० ही कारखान्यांतील मर्यादा. पुढें दर पांच अंकांस वेळ निम्मा होतो, म्हणजे ९५ ला चार तास आणि १०० ला दोन. त्या हिशेबानें तेथें माणसानें पावणेतीन तासही उभें राहूं नये. प्रेसवर तलासरीकडून येणारा एक वारली तरुण पुरते आठ तास उभा होता. कानांत कापसाचा बोळा; त्याचा उपयोग जवळजवळ नाहींच. जेवणाच्या सुटींत यंत्रें थांबल्यावर मीं त्याला मागून विचारलें, ‘किती वर्षें झालीं येथें?’ उत्तर आलें नाहीं. मी पुढें गेलों, तेव्हां त्यानें मान किंचित् तिरपी करून माझ्या ओठांकडे पाहिलें. ती मान मीं ओळखली. आमच्या ओटीवर ती कितीतरी वर्षें वर्तमानपत्र वाचीत बसली होती.

‘सहा वर्षां झाली,’ तो म्हणाला. मग हंसून, ‘घरची म्हणते, तू मुद्दाम ऐकत नाय.’

मी आलों होतों आईच्या झोंपेसाठीं. झोंप दुसऱ्या रात्रीं भरून येते. याचें भरून येणार नव्हतें.

पुढचें काम मात्र फार खर्चाचें नव्हतें. कापलेला भाग उडविण्यासाठीं दाबलेल्या हवेची जी तोटी होती, तिचाच फूत्कार सर्वांत मोठा होता, ती बदलली. सैल पत्रे आवळले, प्रेसखालीं रबराच्या जाड गाद्या घातल्या, आमच्या बाजूस पक्की भिंत बांधली, कामगारांस नीट बसणारीं कर्णरक्षकें दिलीं आणि रात्रीं दहानंतर प्रेस बंद राहूं लागला. दोन महिन्यांनीं आंत ९१ भरले. अजून एक अंक उरला आहे, आणि कारखानदारांस मी तो भेटेन तेव्हां आठवण करून देतों. सर्व कामगारांचे कान तपासून घेतले. त्या तरुणाच्या आलेखांत चार हजारांच्या आंकड्यापाशीं रेघ खोल खालीं गेलेली होती. ती वर येणार नाहीं. आणखी खालीं न जावी, एवढेंच आतां करावयाचें.

आई आतां स्वस्थ झोंपते. मी मात्र कधीं कधीं जागा असतों. आपल्या घरांतही गिरणींत, छापखान्यांत किंवा इंजिनावर आयुष्य घालविलेले कोणी ‘ऐकून न ऐकल्यासारखें’ करणारे वडील माणूस असेल, तर त्यांच्यावर रागावण्यापूर्वीं एकदां समोर जाऊन, उजेडांत बसून, सावकाश बोलून पाहावें. काकूंना हें कोणीं वेळेवर सांगितलें असतें, तर त्या दोघांचीं शेवटचीं वीस वर्षें निराळीं गेलीं असतीं.