बँडसॉचा पट्टा घ्यायला पुण्याला जाताय?

शेतकऱ्याच्या घरातून पुण्याला जाण्याची कारणे ठरलेली असतात. आजारी माणसाला ससूनला न्यायचे असते, लग्नाचा बस्ता बांधायचा असतो, नाहीतर मुलाला कॉलेजात घालायचे असते. पुढच्या खेपेला त्यात आणखी एक काम घाला. तुमच्या घरी, भावकीत किंवा गावच्या सुताराकडे लाकूड कापायचे बँडसॉ मशीन असेल, तर त्याचा पट्टा तालुक्याच्या दुकानात टांगलेला असेल तोच उचलून आणू नका. एक दिवस मोडून पुण्याचे टिंबर मार्केट आणि बोहरी आळी पाहून या.

एवढ्याशा पट्ट्यासाठी एवढी यातायात कशाला, असे घरातले म्हणतील. त्यांना बांधावरचा साग दाखवा. आजोबांनी लावलेला साग नातवाच्या घराच्या चौकटीसाठी निघतो. तो ओंडका वाकड्या पट्ट्यावर चढला की फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ निघते, मधे पोट येते. चिरलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही. चाळीस वर्षांची वाढ अर्ध्या तासात वाया जाते आणि दोष मात्र सुताराच्या हाताला लागतो.

निघण्याआधी घरी थोडे काम आहे, आणि खरी निवड तिथेच होते. मशीनचे वरचे चाक पट्टा ताणण्यासाठी खालीवर होते. ते त्याच्या फिरतीच्या मधोमध आणा आणि दोन्ही चाकांवरून सुतळी फिरवून लांबी मोजा. हिशेबानेही पडताळता येते. दोन्ही चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर दुप्पट करायचे आणि त्यात चाकाच्या व्यासाची ३.१४ पट मिळवायची. चाके २४ इंची आणि अंतर ४२ इंच असेल तर ८४ अधिक ७५.४, म्हणजे सुमारे १५९½ इंच, १३ फूट साडेतीन इंच. सुतळी आणि हिशेब जुळले नाहीत तर पुन्हा मोजा. दुकानात अंदाज चालत नाही.

चाकाचा व्यास वेगळा लिहून घ्या, कारण पट्ट्याची जाडी त्यावर ठरते. व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा पट्टा जाड नसावा, असा कारागिरांचा जुना आडाखा आहे. २४ इंची चाक म्हणजे साधारण ६१० मिलिमीटर, तेव्हा पट्टा ०.६ मिलिमीटरच्या आसपास हवा. ‘जाड घ्या, जास्त टिकेल’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील. पण पट्टा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाकतो आणि दोनदा सरळ होतो. तार सारखी मागेपुढे वाकवली की जशी तुटते, तसाच जाड पट्टा लहान चाकावर लवकर चिरतो.

आणि जे लाकूड कापायचे त्याचा एक तुकडा पिशवीत टाका. ओले की वाळलेले, बाभूळ की आंबा, हे तोंडाने सांगण्यापेक्षा तुकडा जास्त बोलतो.

स्वारगेटला एसटीतून उतरलात की आधी शंकरशेट रस्त्याने पूर्वेला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडे चला. इथे खरेदी करायची नाही, नुसते पाहायचे. दोन्ही बाजूंना वखारी, उभ्या लावलेल्या फळ्या, भुशाचा वास आणि आरागिरण्यांचा आवाज. कामात अडथळा न आणता एखाद्या वखारीत परवानगी मागून उभे राहा. नुकत्याच चिरलेल्या फळीवरून हात फिरवा. चांगल्या पट्ट्याच्या खुणा बारीक आणि सारख्या असतात. ठरावीक अंतराने एकच खोल ओरखडा दिसला, तर पट्ट्याचा एखादा दात वाजवीपेक्षा बाहेर आला आहे असे समजा. फळी काळपट, करपल्यासारखी दिसली तर धार गेली आहे.

दातांकडे जरा निरखून पाहा. एक दात डावीकडे फाकवलेला असतो, एक उजवीकडे. कारागीर त्याला सेटिंग म्हणतात. त्यामुळे चीर पट्ट्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पट्टा आत अडकत नाही. एका बाजूचे दात जास्त फाकले तर पट्टा त्याच बाजूला ओढतो, आणि एकाच बाजूची धार गेली तर दुसऱ्या बाजूला. ओल्या लाकडाचा भुसा चिकट आणि तंतुमय असतो, त्याला फाक थोडी जास्त लागते. वाळलेल्या सागाला कमी चालते. मात्र सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूचाच बारीक अंश असतो. तो धार लवकर खातो.

वखारीतले हातभर उंचीचे ओंडके आणि चार-चार बोटे रुंद पट्टे पाहून मोह होईल. तो आवरा. ते मोठ्या चाकांच्या मशीनचे काम आहे. शिवाय गोल लाकूड चिरणारी आरागिरणी वनखात्याच्या परवान्याशिवाय चालवता येत नाही, आणि बांधावरची काही झाडे तोडायलाही १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. तेव्हा साग परवाना असलेल्या गिरणीत चिरून घ्या. आधी चिरलेल्या फळ्यांवर चालणाऱ्या लहान मशीनबाबतही वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात एकदा विचारून ठेवलेले बरे.

मग तिथून महात्मा फुले मंडईकडे या. १८८६ साली बांधलेली ही दगडी इमारत शेतकऱ्याला नवी नाही. घरची मंडळी सोबत असतील तर ती इथून तुळशीबागेत जातील. तुम्ही लक्ष्मी रस्ता ओलांडून रविवार पेठेत बोहरी आळीत शिरा. खिळ्यापासून यंत्रापर्यंत लोखंडी सामानाची ही जुनी बाजारपेठ. रस्ता अरुंद, हातगाड्या, हमाल, आणि गिऱ्हाईक उभे राहायच्या आत ‘काय हवंय?’ असा प्रश्न. उत्तरात भाव विचारू नका. मोजमापाचा कागद आणि लाकडाचा तुकडा पुढे ठेवा. जो दुकानदार तुकडा हातात घेऊन ‘जाडी किती कापणार?’ असे विचारेल, त्याच्याकडे थांबा. न बघताच गुंडाळी काढणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला.

जाडी विचारण्याला कारण आहे. दोन दातांमधल्या खोबणीत भुसा मावला पाहिजे. सहा-आठ इंच जाड लाकडाला इंचाला दोन-तीन दात पुरे. तिथे इंचाला दहा दातांचा पट्टा लावला तर खोबणी भरतात, पट्टा तापतो आणि आतल्या आत वळतो. उलट पातळ प्लायवूडला तीन दातांचा पट्टा लावला तर कडा फाटतात. कापताना निदान तीन दात लाकडात असावेत, एवढे ध्यानात ठेवा. रुंदीचेही तसेच. सरळ फळी फाडायला मशीनला झेपेल तेवढा रुंद पट्टा घ्या. खुर्चीच्या पाठीसारखे वळण कापायचे तर पाव इंची लागतो. तो साधारण पाऊण इंच त्रिज्येत वळतो. अर्ध्या इंचाच्या पट्ट्याला अडीच इंच तरी त्रिज्या लागते.

आता पोलादाचा प्रश्न. साध्या कार्बन पोलादाचा पट्टा, दातांची कड वेगळ्या कठीण पोलादाची असलेला बायमेटल, आणि दातांवर कार्बाइडचे तुकडे बसवलेला, असे तीन प्रकार दाखवतील. शेवटचा सर्वांत जास्त टिकतो आणि किंमतही तशीच असते. माझे मत विचाराल तर खेड्यात साधा कार्बनचा, कानशीने धार लागणारा पट्टा घ्यावा. कार्बाइडला धार लावायला हिऱ्याचे चाक लागते, ते आपल्या पंचक्रोशीत नाही. पण कार्बनच्या काही पट्ट्यांचे दातही इतके कडक केलेले असतात की कानस नुसती घसरते. म्हणून ‘कानशीने धार लागेल का?’ हे स्पष्ट विचारा. आणि महागडा एक घेण्यापेक्षा बेताचे दोन घ्या. एक धारेला गेला तरी काम अडत नाही.

पट्टा मापाने तोडून जोडून देतात, तो जोड नीट पाहा. या जोडानेच बँडसॉ पूर्वी अडवून धरला होता. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरीला १८०९ साली त्याचे पेटंट मिळाले, पण टिकणारा जोड कोणाला साधेना. फ्रान्समधल्या ॲन पोलिन क्रेपँ या बाईंनी पट्टा जोडण्याची रीत शोधून १८४६ साली पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा कुठे गाडे पुढे सरकले. तुम्ही पट्ट्याच्या पाठीवरून, दातांकडून नव्हे, जोडावर बोट फिरवा. पायरी लागता कामा नये. जोडापाशी पाठ सरळ रेषेत हवी. पट्टा हळूच कमानीसारखा वाकवून पाहा. जोडाशी कोपरा पडला, गोलाई मोडली, तर दुसरा जोडून मागा. यात संकोच नको. सुटलेला जोड चालत्या मशीनवर तोंडासमोर येतो.

पट्ट्याच्या तीन गुंडाळ्या करून दुकानदार तो तारेने बांधतो. तसे गुंडाळणे दोनदा करून दाखवायला सांगा आणि पोत्यात घालून एसटीत पायाशी ठेवा. घरी सोडताना अंगणात, मुलांना दूर ठेवून, कातडी हातमोजे घालून, हात लांब करून सोडा. बांधलेला पट्टा सापासारखा उसळतो.

नवा पट्टा चढवण्यापूर्वी चाकांवरचे रबर तपासा. ते झिजलेले असेल तर पट्टा कितीही चांगला असला तरी भटकेल. बांधावरच्या झाडाचे लाकूड असेल तर त्यावरून लोहचुंबक फिरवा. कुंपणाची तार नि खिळे सालीआड वर्षानुवर्षे गिळलेले असतात, आणि एका खिळ्याने पुण्याची सारी फेरी फुकट जाते. पहिल्या काही फळ्या जोर न लावता सावकाश कापा. काम संपल्यावर ताण सैल करा. आणि दुसरा पट्टा तेलाचे बोट फिरवून, मुलांचा हात पोचणार नाही अशा खुंटीवर टांगा.