वेरूळच्या वाटेवर एकच लेन्स

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी शेवटची पाच, म्हणजे क्रमांक ३० ते ३४, ही जैन लेणी होत. बहुतेक कुटुंबे आधी कैलास पाहतात व मग तिकडे वळतात. मधले अंतर किलोमीटरहून अधिक आहे. एका हाताने आजीला आधार द्यायचा, दुसऱ्या हाताने मुलांना आवरायचे, अशा वेळी लेन्सची थैली कोण वाहणार? शिवाय वाटेवरच्या धुळीत लेन्स बदलणे सेन्सरला मानवत नाही. एकच झूम लेन्स न्यावी हे बरे, पण कोणती?

दुकानात भुरळ पडते ती लांब पल्ल्याची. ‘१८ ते ३०० मिलिमीटर’ हा आकडा ऐकताच सौदा स्वस्तात पडल्यासारखे वाटते. वास्तविक पारख दुसऱ्या टोकाने करावी. कैलासाचे मंदिर सुमारे ३० मीटर उंच, आणि अंगणात तीन बाजूंना कातळाच्या भिंती. मागे सरकून सरकणार किती? एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १६ ते १८ मिलिमीटरपासून सुरू होणारी लेन्सच तेथे निभावते. उंचावरील शिल्पांसाठी लांब पल्ला कामी येतो, हे मात्र नाकारता येत नाही.

खरी कसोटी लागते ती इंद्रसभेत, लेणे क्रमांक ३२ मध्ये. अंगणातील हत्ती आणि एकाश्म मंदिर उघड्या प्रकाशात आहेत. वरच्या मजल्यावर मात्र अंधुक उजेड, आणि छतावर कमळ व चित्रांचे अवशेष. त्यांवर फ्लॅश टाकू नये. लांब पल्ल्याच्या लेन्सचे छिद्र दूरच्या टोकाला एफ ५.६ किंवा ६.३ पर्यंत आकसते, एफ २.८ चे छिद्र ५.६ च्या चौपट प्रकाश घेते. कंपरोधक यंत्रणा स्थिर मूर्तीपुरती उपयोगाची. अंबिकेच्या मूर्तीसमोर आजीने हात जोडले, ते किंचित हलले, तर ती पुसट रेघ कोणतीही यंत्रणा थांबवीत नाही. आणि घरी परतल्यावर हवे असते ते नेमके तेच छायाचित्र.

म्हणून १७ ते ५० किंवा १७ ते ७० मिलिमीटरची, सर्व पल्ल्यात एफ २.८ राखणारी लेन्स अधिक शहाणपणाची. शिखरावरची शिल्पे थोडी लहान येतील, वजन व किंमतही साध्या लेन्सहून जास्त. पण दिवाळीतले वहीपूजन, लग्नघरातील संध्याकाळ, सारे तिच्यात सामावते. घरात जुना कॅमेरा असल्यास खरेदीपूर्वी त्याची छायाचित्रे संगणकावर उघडावीत. प्रत्येकात मिलिमीटरचा आकडा नोंदलेला असतो. कोणता पल्ला खरोखर वापरला गेला, ते लगेच उमगते.

कैलासाचे प्रवेशद्वार पश्चिमेकडे असल्याने दर्शनी भागावर ऊन येते ते दुपारनंतर. मंगळवारी लेणी बंद असतात.