चाकवताचा वाफा

इंग्रजी भाषेत 'वीड' असा एक शब्द आहे. आपण त्याचे भाषांतर 'तण' असे करतो आणि ते बरोबरही आहे; परंतु कोणत्या वनस्पतीस तण म्हणावे, हे मात्र कोणत्याही कोशास सांगता येत नाही. ते ज्याच्या त्याच्या पोटावर अवलंबून असते. सन 1977 मध्ये लेरॉय होल्म व त्यांचे सहकारी यांनी जगातील अत्यंत उपद्रवी तणांविषयी एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ज्या अठरा तणांस अग्रमान दिला आहे, त्यांच्या नावांवरून नजर फिरविताना आम्हांस हसू आल्यावाचून राहिले नाही. लव्हाळा, हरळी आणि जलपर्णी यांच्या पंक्तीस तेथे घोळ बसली आहे, काटेमाठ बसला आहे आणि आमचा चाकवतही बसला आहे! दरोडेखोरांच्या यादीत आपल्या मामा-मावशांची नावे आढळावीत, तसाच हा प्रकार झाला.

चाकवताच्या वाट्याला नावे पुष्कळ आली. लिनियसने 1753 साली त्याचे 'केनोपोडियम आल्बम' असे बारसे केले. त्यातील पहिला शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ हंसाचे पाऊल. पानाच्या आकारावरून तो सुचला. दुसरा शब्द लॅटिन, त्याचा अर्थ शुभ्र. कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी जी पांढुरकी झाक असते, तिच्यावरून तो आला. ही झाक म्हणजे धूळ नव्हे. भिंगाखाली पाहिले असता ते पाण्याने व क्षारांनी भरलेले इवलेसे फुगे असल्याचे दिसून येते. इंग्लंडातील खेडूत या वनस्पतीस 'फॅट हेन', म्हणजे लठ्ठ कोंबडी, म्हणतात. हिंदीत ती बथुआ होते. आणि संस्कृतात, चरकसंहितेच्या शाकवर्गात, तिचे नाव आहे वास्तुक. आम्हांस या सर्वांत हे शेवटचे नाव अधिक प्रिय आहे. 'वास्तु' या शब्दाशी त्याचे नाते दिसते, आणि वनस्पतीचा स्वभावही त्यास दुजोरा देतो. कारण जेथे माणसे राहतात, सांडपाणी सोडतात, राख व शेण टाकतात, तेथील नत्रयुक्त मातीत चाकवत जसा माजतो तसा तो रानात माजत नाही. माणसाच्या घराच्या आश्रयाने राहणारी ही भाजी आहे.

युरोपात चाकवत उन्हाळ्यात वाढतो व कडक हिमाने मरतो. आपल्याकडे तो हिवाळ्यात वाढतो व फाल्गुनाच्या उन्हाने मरतो. वरवर पाहता हा मोठाच विरोध वाटेल. परंतु तीस वर्षे इंग्रजी काव्य शिकविल्यानंतर आम्हांस त्याचा उलगडा सहज होतो. त्या कवींना ज्या जून महिन्याचा एवढा उमाळा येतो, तो जून म्हणजे थोड्याफार फरकाने आमच्या पुण्याचा मार्गशीर्ष-पौषच होय. चाकवत पंचांग पाहत नाही, तो केवळ हवा पाहतो. पंजाबातील गव्हाच्या शेतांत तर पहाटे बोटे आखडून टाकणाऱ्या थंडीतही तो तजेलदार उभा असतो.

त्याची लागवड करण्यास विद्वत्ता लागत नाही. कार्तिकात पावसाची ओल सरली आणि रात्री गारवा पडू लागला, की शेणखत घालून वाफा भुसभुशीत करावा. बी मोहरीहूनही बारीक असते. ते तसेच फेकले तर एका जागी गर्दी होते, म्हणून मूठभर बारीक मातीत किंवा राखेत कालवून विस्कटावे. वरून मातीचा पातळसाच हात फिरवावा. खोल पुरलेले बी वर येत नाही. पाणी झारीने द्यावे, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. साधारण आठवड्यात कोंब दिसतात आणि महिना-सव्वा महिन्यात पहिला खुडा मिळतो. रोप उपटू नये. खालची चार पाने ठेवून शेंडा खुडला म्हणजे त्यास फुटवे फुटतात. मावा पडला तर सकाळच्या दवावर चुलीतली राख धुरळावी, असा आमच्या मातोश्रींचा दंडक होता. आता चूलच राहिली नाही, तेव्हा आम्ही पाण्याच्या जोरदार फवाऱ्यावर भागवितो.

खुडलेली भाजी स्वयंपाकघरात गेली, की तेथील शास्त्र सुरू होते. पाने शिजवून घोटावीत, त्यात बेसन लावलेले ताक घालावे, भिजलेली हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे घालावेत आणि वर लसणीची चरचरीत फोडणी द्यावी. चाकवतात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते. ताकातील कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला, म्हणजे त्याचा बराचसा भाग अंगात न शोषला जाता बाहेर पडतो. ज्या बायकांनी ही जोडी प्रथम जमविली, त्यांना यातले रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना चव ठाऊक होती. सन 2013 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने 'किनोआ' या धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि तेव्हापासून ते धान्य आमच्याकडील सुशिक्षित घरांत मोठ्या कौतुकाने शिजू लागले. हा किनोआ चाकवताचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला व एकाच गोत्रातला. तो अँडीज पर्वतावरून आला म्हणून सन्मानाने आला. चाकवत मोरीच्या कडेला उगवला म्हणून मोरीच्या कडेलाच राहिला.

आता ज्या कारणास्तव आम्ही हा विषय हाती घेतला, त्याकडे वळू. आमच्या वडिलांनी बांधलेला बंगला येत्या वैशाखात पडणार आहे. त्या जागी सात मजली इमारत उभी राहील, आणि तीत आम्हां दोघा भावांस दोन प्रशस्त सदनिका मिळतील. या व्यवहारात आमच्यावर कोणी अन्याय केला आहे असे नाही. ज्येष्ठ बंधूंचे वय सत्तरीला टेकले आहे. त्यांच्या गुडघ्यांस जिना चढवत नाही. छपराची गळती दर श्रावणात नवी जागा शोधते. त्यांना उद्वाहनाची गरज आहे, आणि आम्हांसही ती फार दूर नाही. आम्ही कागदांवर सही केली ती समजून-उमजून केली, आणि उद्या पुन्हा करावी लागली तरी करू.

तथापि वाफ्याचा प्रश्न उरतोच. तो आम्ही दादांपाशी काढला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, त्यात काय? गॅलरीत चार कुंड्या ठेव. भाजीच ती, तिला काय पडवी हवी, की अंगण हवे?" दादांचे म्हणणे अगदी खरे आहे. चाकवतास वीतभर माती व चार-पाच तासांचे ऊन एवढे पुरते. आम्ही यंदा दोन कुंड्यांत तो लावून पाहिला आणि तो उत्तम आला. मग आमची हळहळ कशासाठी, याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार केला.

त्याचे उत्तर आम्हांस वाफ्यात नव्हे, तर वाफ्याबाहेर मिळाले. या भाजीचे बी मातोश्रींनी वाईकडील आपल्या माहेराहून, आमच्या जन्मापूर्वी, एका चिंधीच्या पुरचुंडीत आणले होते. दर फाल्गुनात त्या दोन-चार उंच ताटे बियांसाठी राखून ठेवीत, आणि ती अंगणात झोडपीत. जेवढे सुपात येई तेवढे बाटलीत जाई. बाकीचे सबंध आवारभर उधळले जाई. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. आम्ही वाफ्यात जे पेरतो ते आमचे. परंतु फरशीच्या सांध्यात, तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी, विहिरीच्या बुजविलेल्या कठड्यालगत जो चाकवत दर कार्तिकात आपोआप वर येतो, तो आम्ही पेरलेला नव्हे. कुंडीत पेरलेले तेवढेच उगवते. न पेरलेलेही जेथे उगवते त्यास जमीन म्हणतात, आणि नेमकी तीच आमच्या हातची जात आहे.

चाकवताचे एक रोप हजारो बिया टाकते, आणि त्या सगळ्या एका स्वभावाच्या नसतात. काही तपकिरी, पातळ सालीच्या. त्या ओल मिळताच रुजतात. बहुसंख्य मात्र काळ्या, चकचकीत व टणक सालीच्या, त्या थांबतात. मातीत खोल गेलेले असे बी कित्येक वर्षे, प्रसंगी कित्येक दशके, जिवंत राहते. आणि कोणी माती उलथून त्यास प्रकाश व ओल दाखविली, की निजलेल्या माणसाने हाकेस ओ द्यावी तसे उठते. म्हणजे आमच्या आवारात आज जे हिरवे दिसते ते थोडे; अंगणाखाली जे निजले आहे ते फार अधिक.

मातोश्रींच्या बाटलीतील बी आम्ही यंदा तीन पुड्यांत वाटले आहे. एक आमच्या कुंड्यांसाठी, एक पुतणीसाठी. तिने अलीकडे मुळशीकडे थोडी जमीन घेतली आहे. तिसरी दादांनी मागून घेतली. त्यांनी ती कशासाठी घेतली हे आम्ही विचारले नाही. जमिनीतील बियांची मात्र वाटणी होण्यासारखी नव्हती. पाया खणला जाईल तेव्हा आमच्या अंगणाची माती डंपरमधून शहराबाहेर कोठे तरी, एखाद्या नव्या रस्त्याच्या भरावावर किंवा ओसाड जागेवर, जाऊन पडेल. तीवर पावसाळा जाईल, थंडी पडेल, आणि मजुरांच्या पालांशेजारी ते पांढुरके शेंडे वर येतील. एखादा मुकादम त्यांस तण समजून उपटून टाकावयास सांगेल. परंतु पालातील एखादी बाई त्याआधीच ओटीभर खुडून नेईल अशी आमची अटकळ आहे. कारण तण कोणते व भाजी कोणती, हे तिला ग्रंथावाचून कळते.