काळ्या कातळावरची पारख

नवी लेन्स आणली की बहुतेक जण गॅलरीतून समोरच्या इमारतीचा फोटो काढतात, स्क्रीनवर मोठा करून बघतात आणि खूश होतात. भर उन्हात कुठलीही लेन्स चांगलीच दिसते. मला कॅमेरा पारखायचा असला की मी जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला जातो.

आठव्या शतकाच्या सुमारास काळ्या कातळात कोरलेलं हे लेणं. अंगणातला गोल नंदीमंडप उन्हात असतो आणि चार पावलं आत गेलं की खांबांमागे मिट्ट अंधार. मीटरची पहिली फजिती इथेच होते. समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून तो चालतो. फ्रेमभर बेसाल्ट दिसला की बिचारा एक्स्पोजर वाढवत नेतो आणि काळा दगड राखी, धुरकट होऊन येतो. म्हणून एक-दीड स्टॉप खाली यावं लागतं. खाली आलं की सेन्सरची खरी परीक्षा सुरू होते, कारण नॉइज उजेडात लपतो आणि सावलीत उघडा पडतो. स्टुडिओतल्या दिव्यांखाली आयएसओ ६४०० वर काढलेला नमुना फोटो देखणाच असतो. त्याच ६४०० वर इथला खांब टिपा आणि घरी येऊन सावली थोडी उचला. जांभळट डाग, आडव्या रेघा, जे काही असेल ते समोर येतं.

संरक्षित स्मारक असल्याने ट्रायपॉडला परवानगी लागते. मग खाली बसायचं, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची आणि श्वास सोडताना बटण दाबायचं. स्टॅबिलायझेशनचं कौतुक मला आहे, पण ते सावरतं आपल्या हाताचा कंप. समोर आरती ओवाळणारा हात १/१५ सेकंदात फराटाच होणार. त्याला उपाय एकच, मोठं अ‍ॅपर्चर. एफ/४ वरून एफ/१.८ वर आलं की जवळपास पाचपट प्रकाश मिळतो. जिथे आयएसओ ३२०० लागत होता तिथे ६४० पुरतो. फोकसची खोली मात्र इतकी कमी होते की डोळा स्पष्ट आणि कान धूसर. हा सौदा मला मान्य आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लागतात तेव्हा ऑटो व्हाइट बॅलन्स त्यांचा पिवळेपणा धुऊन काढायला बघतो. तो बंद करून मी डेलाइटवर ठेवतो. सूर्यास्तानंतर आभाळात निळा रंग असतो तेवढ्यात फोटो उरकावेत. नंतर काळ्यात पिवळे ठिपके तेवढे उरतात.

विसर्जनाच्या रात्रीचा लक्ष्मी रस्ता हे वेगळंच प्रकरण. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर बहुतेकदा निभावतं. लेझरचा झोत दिसला तर मात्र कॅमेरा सरळ खाली करा. सेन्सर कायमचा जळू शकतो.

लाखाची नवी बॉडी घेण्याआधी पन्नास एमएम एफ/१.८ लेन्स भाड्याने आणा आणि एक दुपार या लेण्यात काढा. आणि फ्लॅश घरी ठेवा, गाभाऱ्यात लोक दर्शनाला आलेले असतात.