अण्णांचा ब्राउनी

दिवाळीला जामनेरला गेलो होतो. आईने माळा आवरायला लावला आणि तिथे अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, बॉक्स कॅमेरा सापडला. कोडॅकचा नंबर टू ब्राउनी. तसं बघितलं तर नुसतं खोकं. पुढे भोक, आत एक भिंग, बाजूला फिल्म गुंडाळायची किल्ली. १९०१ मध्ये कोडॅकने याच्यासाठी काढलेली १२० नंबरची फिल्म आजही मिळते. एका रोलमध्ये आठच फोटो. (आठ तर आपण समोरच्या पोह्यांचे काढतो!)

अण्णांचे जुने फोटो झकास आहेत. १९७८ नंतरचे मात्र मधे ठीक आणि कडेला पुसट. अण्णांनी त्याचं खापर जळगावच्या एका स्टुडिओवाल्यावर फोडलं, त्याच्याशी कडाकडा भांडले आणि पुढे फोटो काढणंच सोडलं. त्यांच्या शेवटच्या रोलमध्ये पीजेचा फोटो आहे. पीजे म्हणजे आमची पाचोरा-जामनेर नॅरोगेज, २०२० मध्ये बंद पडली ती. गाडीसमोर अख्खं घर उभं आहे, आजी डाव्या टोकाला. ती फोटोला कधी उभीच राहायची नाही, त्यामुळे तिचा हा एकच फोटो. त्यातही चेहरा म्हणजे नुसता डाग.

ओट्यावर पेपर पसरून कॅमेरा उघडला. आतली चौकट बाहेर ओढली, धूळ फुंकली. व्ह्यूफाइंडरचे आरसे नुसते ब्रशने झटकले, घासले तर पारा निघतो. शटरला तेल अजिबात नाही, त्यावर धूळ चिकटते. भिंग पुसलं, फिल्मच्या जागी बटर पेपर लावला, शटर उघडं ठेवलं आणि समोरचं कडुनिंब बघितलं. मधे पान न् पान स्पष्ट, कडेला सगळा चिखल. म्हणजे स्टुडिओवाला निर्दोष!

हे भिंग चंद्रकोरीसारखं असतं. त्याची खोलगट बाजू शटरकडे हवी. इथे ती फिल्मकडे होती. उलटं करून धरलं तर कडेच्या फांद्याही उमटल्या. सत्तेचाळीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये असलेला बग सापडल्यावर जो आनंद होतो तो मी ओरडून व्यक्त केला.

पप्पा बाजूला चहा पीत होते. कप खाली ठेवला.

"मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "उन्हात कागद जळतो का बघायचं होतं, म्हणून काढलं होतं. नाही जळला."

"मग अण्णांना सांगितलं नाही?"

"स्टुडिओवाल्याशी भांडून आले त्या दिवशी सांगणार होतो." बराच वेळ गप्प. "आजीचा फोटो आता कॉम्प्युटरवर नीट होईल?"

निगेटिव्हवरच काही नाही, तर कुठून आणणार? एआय चेहरा बनवून देईल, पण तो आजीचा नसेल. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मी भिंग बसवायला घेतलं तर म्हणाले, "थांब, दे इकडे." चष्मा लावून दोन बोटांत धरलं, उजेडाकडे फिरवून बघितलं.

"खोलगट बाजू कुठे म्हणालास?"

"शटरकडे, पप्पा."