मागणाऱ्यांच्या वह्या

खापरपणजोबांचं नाव आमच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. नाशिकला, रामकुंडाजवळच्या एका वाड्यात मात्र ते अगदी ठाकठीक निघालं. याचा पुष्कळ दिवस अचंबा वाटायचा. पुढे जसजशी एकेक वही धुंडाळली तसं ध्यानात येत गेलं, की ज्याला आपल्याकडून काही घ्यायचं होतं, त्यानंच आपली नावं जपली. घरच्यांना काय पडलं होतं?

तीर्थोपाध्यांना आडनाव आणि मूळ गाव सांगायचं. मग आतून एक लांबट, कडा झिजलेली वही येते. आमच्या पानावर पणजोबांची मोडीतली सही आहे. बोरूनं अडखळत काढलेली. नांगर धरणारा हात. वर वडील, आजा, भाऊ, पुतणे. सोबत कोण आलं होतं? ‘मातोश्री’. बाईचं नाव नाही. शेवटी मजकूर असा, की आमच्या वंशातला जो कोणी येईल त्यानं यांनाच उपाध्ये मानावं. म्हणजे वंशावळ नव्हेच ती, करार आहे! आमचे पूर्वज त्या करारापुरते तिथे हजर.

सरकारचंही तेच. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ आलं आणि इनामदारांवर हक्क शाबीत करायची पाळी आली, तेव्हा घराण्याघराण्यांच्या वंशावळी कचेरीत दाखल झाल्या. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तर गावोगाव मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला. त्याआधी मोडी कागदांचे ते रुमाल कुणी सोडून बघितले असते?

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, तहसील कचेरीत पाहायला मिळाली. 1918 सालच्या पानांवर हात थबकला. एकाच घरातली तीन माणसं आठवड्याच्या आत गेलेली, त्यांत एक तान्हं मूल. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. लोक त्या साथीला मानमोडी म्हणत. ते घर आमचंच. घरात ही गोष्ट कुणी कधी बोललेलं मला आठवत नाही. तान्ह्याला नावसुद्धा नव्हतं. वय तेवढं लिहिलेलं.

दारोदार वंशावळी वाचून दाखवणारे हेळवी मात्र सगळ्यांत रंगतदार. सुगी झाली की यायचे, पूर्वी सजवलेला बैल घेऊन, आता मोटारसायकलवर. ओसरीवर बैठक मारून वही उघडायची आणि एका दमात पिढ्या म्हणत सुटायचं: कोण कुणाचा, कुठून उठून कुठे आला, लेक कुठल्या गावात दिली. खालच्या पाच-सहा पिढ्या चोख असतात. वर वर गेलं की प्रत्येकाचा मूळपुरुष कुठल्यातरी लढाईत तलवार गाजवलेला निघतो. कर्ज बुडवून रातोरात गाव सोडलेला मूळपुरुष मला अजून एकाही वहीत भेटलेला नाही, आणि आमचा तसाच असावा असा माझा दाट संशय आहे.

ज्यांच्याकडे द्यायला काहीच नव्हतं त्यांचं काय? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सालगडी राहिलेलं एक घर होतं. त्यांच्या दारात ना हेळवी थांबला, ना त्यांचं कुणी नाशिकला गेलं. त्यांच्या आज्याचं नाव कोतवाल बुकात सापडलं तर सापडलं.

यंदा हेळवी आले तेव्हा आत्ती माहेरपणाला आलेली होती. वाचन ऐकता ऐकता तिनं मध्येच विचारलं, “माझं नाव कुठाय ह्यात?”

“तुमचं कसं असंल, आक्का? लेक वाळव्याला दिली, असं लिवलंय की.”

आत्ती उठली. आतून सूपभर जोंधळा आणून तिनं त्यांच्या पोत्यात ओतला, वर एक पितळी तांब्या ठेवला आणि त्यांच्यासमोरच मांडी घालून बसली. “आता लिवा,” म्हणाली, “आणि माज्या दोन्ही पोरींचीबी.”