आटलेल्या तळ्यातली माशीपत्री

श्रीपेरुंबुदूरला नोकरीसाठी आलो त्याला तीन वर्षे होतील. इथल्या ‘एरी’, म्हणजे मातीच्या बांधाने पावसाचे पाणी अडवणारी जुनी तळी, उन्हाळ्याच्या तोंडाशी आटू लागतात. गेल्या वर्षी अशाच एका तळ्याच्या भेगाळलेल्या गाळात पिवळ्या गुंड्यांसारख्या फुलांची, जमिनीलगत पसरलेली वनस्पती दिसली. पाकळी एकही नाही. जर्मनीत संशोधन करीत असताना प्रयोगशाळेच्या वाटेवर असेच बिनपाकळ्यांचे रानटी कॅमोमाइल मी रोज तुडवीत असे. चुरगळले की त्याला अननसाचा वास येई. मी हरखलो आणि ‘श्रीपेरुंबुदूरमध्ये कॅमोमाइल!’ असे लिहून छायाचित्र मित्रांना पाठवूनही दिले.

बांधावर शेळ्या चारणाऱ्या पाट्टींनी, म्हणजे आजीबाईंनी, एका शब्दात निकाल लावला: ‘माशिपत्री’. मराठीतही ती माशीपत्रीच. मग मी पाने पाहिली, जी आधी पाहायला हवी होती. कॅमोमाइलची पाने दोऱ्यासारखी बारीक असतात. हिची रुंद, खाचांची, लवदार. शास्त्रीय नाव ग्रँजिया मडेरास्पटाना, म्हणजे ‘मद्रासची’. लिनियसने 1753 मध्ये तिला दवण्याच्या आर्टेमिसिया प्रजातीत घातले होते. ही प्रजाती कॅमोमाइलच्याच गटातली. पुढे माशीपत्री तिथून निराळी काढली गेली. चुकीला सोबत तरी चांगली मिळाली!

दोघींच्या जागा मात्र अगदी वेगळ्या. बिनपाकळ्यांचे कॅमोमाइल मूळचे वायव्य अमेरिका व ईशान्य आशियातले. टायरांना चिकटलेल्या चिखलातून त्याचे बी रस्तोरस्ती पोहोचले, आणि तुडवलेली घट्ट जमीनच त्याला मानवते. माशीपत्रीला आधी बुडालेली आणि मग उघडी पडलेली ओली जमीन हवी: तळ्यांचे तळ, भाताची कापलेली खाचरे. ईशान्य मोसमी पावसाचे पाणी ओसरल्यावर वरचा गाळ सुकून आकसतो, भेगा पडतात. खाली ओल टिकून असते. पुढच्या पावसाआधी फुलून बी टाकायचे, एवढीच तिला मुदत.

पाणी नसलेले तळे कोरड्या महिन्यांत कोणालाही मोकळा भूखंडच वाटते. यंदा त्याच तळ्याच्या एका कडेला बांधकामाचा राडारोडा पडला आहे. उरलेल्या तळात माशीपत्री पुन्हा फुलली. राडारोड्यावर गाजर गवत माजले आहे, 1950च्या दशकात भारतात प्रथम पुण्यात नोंदले गेले तेच. त्याची बारीक पांढरी फुले लांबून पाहिली तर माशीपत्रीपेक्षा तीच अधिक कॅमोमाइलसारखी दिसतात.